आधी पोटोबा

हमिंगबर्डचा चांगला फोटो हवा असेल तर आधी त्याच्या पोटाचा विचार करावा लागतो. कॅमेरा, लेन्स, शटरस्पीड हे सगळं नंतरचं. कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटमधल्या आमच्या घरामागच्या बागेत बरीच वर्षं हे पक्षी पाहण्यात आणि टिपण्यात गेली, आणि आता मी या मतावर ठाम आहे.

आमच्याकडे बारा महिने असतो तो ॲनाज हमिंगबर्ड. चोचीपासून शेपटीपर्यंत जेमतेम १० सेंटीमीटर, वजन चार-साडेचार ग्रॅम. एवढा देह फुलासमोर तरंगत ठेवायचा तर पंख सेकंदाला ४०-५० वेळा हलवावे लागतात. उडताना हृदयाचे ठोके मिनिटाला हजाराच्या पुढे जातात. त्यामुळे उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत दर थोड्या वेळाने याला खावंच लागतं, आणि संध्याकाळी पोटात जे असेल त्यावर रात्र काढावी लागते. आपण हातावर पोट म्हणतो. याचं पोट पंखांवर असतं. हे एकदा नीट कळलं की त्याचं भांडण, त्याची झोप, त्याची वीण, सगळ्याचा उलगडा होत जातो. आणि आपण बागेत कसं वागायचं तेही कळतं.

मी इथे आले तेव्हा पक्ष्यांची विशेष माहिती नव्हती. लहानपणी सांगलीला परसातल्या जास्वंदीवर शिंजीर यायचे तेवढीच ओळख. शेजारच्या आजी घर विकून मुलीकडे राहायला निघाल्या तेव्हा कुंपणावरून एक काचेचा फीडर माझ्या हातात देऊन गेल्या. तो त्यांनी अनेक वर्षं सांभाळला होता. "इथला नर उद्या सकाळी मला शोधेल, त्याला उपाशी ठेवू नकोस," एवढंच म्हणाल्या. खरोखर दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या रिकाम्या ओसरीसमोर, जिथे फीडर लटकायचा त्या हुकापाशी, एक पक्षी हवेत थांबून इकडेतिकडे पाहत होता. जागा त्याच्या अचूक लक्षात होती. मी घाईघाईने आमच्या लिंबाच्या फांदीला फीडर टांगला. त्याने तो दुपारपर्यंत हुडकला. माझ्या छंदाची सुरुवात तिथून झाली.

फीडरमधलं पाणी करणं अगदी सोपं. एक वाटी साधी पांढरी साखर, चार वाट्या पाणी, विरघळेपर्यंत ढवळायचं, गार करून भरायचं. लाल रंग घालायचा नाही. फीडरचा लाल भाग त्यांना बोलवायला पुरेसा असतो. आई सांगलीहून आली तेव्हा तिला हे फारच रूक्ष वाटलं.

"अगं, नुसती साखर काय घालतेस? घरात चांगला मध आहे की."

"मध चालत नाही आई. आंबतो, बुरशी धरते, त्यांना बाधतं."

"मग गूळ घाल."

"गुळात लोह असतं. तेही नको."

"म्हणजे पथ्याचं पाणी आहे म्हण," आई म्हणाली, आणि परत जाईपर्यंत फीडर धुण्याचं काम तिने स्वतःकडे घेतलं. पथ्य हा शब्द मला पटला. साखरपाणी उन्हात दोन-तीन दिवसांत खराब होतं. गढूळ दिसायला लागलं म्हणजे आधीच उशीर झालेला असतो. उन्हाळ्यात दिवसाआड सगळे भाग सुटे करून गरम पाण्याने, लहान ब्रशने घासावे लागतात. ज्या भोकांतून पक्षी जीभ घालतो ती भोकं खासकरून. मुंग्यांसाठी वरच्या बाजूला पाण्याची छोटी वाटी असते, ती भरावी लागते. फोटोग्राफीवर बोलायला बसलेल्या लोकांना मी हे सांगायला लागले की त्यांचं लक्ष उडतं. पण माझ्या चांगल्या फोटोंमागे हेच काम आहे.

फीडर लागला तसा मालकीचा प्रश्न आला. एका नराने लिंबाशेजारच्या पर्सिमनच्या शेंड्याची वाळकी काडी धरली. तिथून फीडर, सॅल्व्हियाचा ताटवा आणि कुंपणावरचा वेल, सगळं त्याच्या नजरेत. दुसरा कुणी आला की खाली झेप, पाठलाग, चोचीने ढोसणं. स्वतः पाणी पिऊन झालं तरी दुसऱ्याला पिऊ द्यायचं नाही. पाहुण्यांना हा खट्याळपणा वाटतो. मला तसं वाटत नाही. रानात फुलांचा एक बहर म्हणजे ठरावीक मकरंद, तो दुसऱ्याने प्यायला की संपला. फीडर आटत नाही हे त्या पक्ष्याला कोण सांगणार? उपाय एकच निघाला: दुसरा फीडर घराच्या पलीकडच्या बाजूला, पहिल्यावरून दिसणार नाही असा. तिथे माद्या आणि त्या वर्षीची पिल्लं निवांत यायला लागली. माद्यांचे माझे बहुतेक फोटो त्या अंगाचे आहेत.

ती वाळकी काडी मात्र मला खूप शिकवून गेली. उडत्या हमिंगबर्डमागे कॅमेरा फिरवण्यात अर्थ नसतो. त्याची बसायची जागा शोधायची. नर दिवसभर त्याच दोन-तीन काड्यांवर परत येतो. काडीवर फोकस लावून खुर्ची टाकून बसलं की तो येतो, शेपूट हलवतो, खरखरीत आवाजात गातो, जीभ बाहेर काढून आत घेतो, अंग खाजवतो. गाताना त्याचा गळा फुगतो आणि पिसांची प्रत्येक कड वेगळी दिसते.

पहिल्या हिवाळ्यात मात्र हा गळा माझ्या प्रत्येक फोटोत काळा येत होता. डोळ्यांना मधूनच झळाळता गुलाबी दिसायचा आणि स्क्रीनवर कोळशासारखा. पुस्तकं चाळल्यावर कारण कळलं. हा रंग लाल रंगद्रव्याचा नसतोच. पिसांच्या आत मेलॅनिनच्या चपट्या, हवेच्या बारीक पोकळ्या असलेल्या कणांचे थर असतात, आणि त्यांवरून प्रकाश ठरावीक कोनातच परततो. पक्ष्याने मान थोडी वळवली की गुलाबीचा केशरी होतो, आणखी वळवली की सगळं विझतं. म्हणजे सूर्य आपल्या पाठीशी हवा आणि पक्ष्याचं तोंड आपल्याकडे. त्याचं तोंड आपल्या हातात नसतं. सूर्य कुठे असेल ते ठरलेलं असतं, म्हणून खुर्चीची जागा तेवढी आपण ठरवायची. आमच्या बागेत ती जागा हिवाळ्यात तुळशीच्या कुंडीपाशी येते आणि उन्हाळ्यात कचऱ्याच्या डब्यांपाशी. चांगले फोटो डब्यांपाशी बसूनच जास्त मिळाले आहेत.

नराला हा रंग कुठे दाखवायचा ते चांगलं कळतं. डिसेंबर-जानेवारीत, बाकीचे पक्षी गप्प असताना, याचा विणीचा हंगाम सुरू होतो. मादी खाली झुडपात बसली असेल तर तो तिच्यासमोरून सरळ वर चढतो, तीस मीटर किंवा अधिक, डोळ्यांना ठिपका दिसेपर्यंत. मग तिथून खाली झेपावतो आणि अगदी तळाशी आल्यावर "चीक" असा मोठा आवाज होतो. हा आवाज गळ्यातून येतो की शेपटीतून, यावर बरीच चर्चा झाली होती. २००८ मध्ये बर्कलीच्या क्रिस्टोफर क्लार्क आणि टेरेसा फिओ या संशोधकांनी दाखवून दिलं की तो शेपटीच्या कडेच्या पिसांतून येतो. झेपेच्या तळाशी शेपूट क्षणभर पसरते आणि वाऱ्याने ती पिसं थरथरतात. बर्कली आमच्यापासून तासाभराच्याही आत. आपल्या अंगणात रोज ऐकू येणाऱ्या आवाजाचं कोडं इतक्या जवळ आणि इतक्या अलीकडे सुटावं, याचं मला अजून अप्रूप आहे. या झेपेचा माझ्याकडे एकही नीट फोटो नाही. तळाशी वेग सेकंदाला सत्तावीस मीटरच्या आसपास असतो. मी आता कॅमेरा खाली ठेवून नुसती पाहते.

पंख टिपण्याची एक वेगळी तऱ्हा असते, तीही मी अनुभवली. आग्नेय ॲरिझोना हमिंगबर्डच्या विविधतेसाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या एका कार्यशाळेला मी पैसे भरून गेले. एका फुलात पिचकारीने साखरपाणी भरलेलं, मागे छापील हिरवं कापड, आणि फुलाभोवती चार-पाच फ्लॅश. फ्लॅश अगदी कमी ताकदीवर ठेवला की त्याची लकाकी सेकंदाच्या दहा-पंधरा हजाराव्या भागाएवढीच टिकते, म्हणून पंखांचं प्रत्येक पीस गोठल्यासारखं येतं. या तंत्राचा इतिहास मोठा आहे. एमआयटीच्या हॅरॉल्ड एजर्टन यांनी आपल्या स्ट्रोबच्या उजेडात हमिंगबर्ड टिपले होते. पुढे क्रॉफर्ड ग्रीनवॉल्ट या ड्यूपाँट कंपनीच्या अध्यक्षांनी अतिवेगवान फ्लॅश घेऊन दक्षिण अमेरिका पालथी घातली आणि १९६० मध्ये 'हमिंगबर्ड्स' हा ग्रंथ काढला. पंख आठच्या आकड्यात फिरतात, पुढे जाताना आणि मागे येताना दोन्ही वेळा अंग उचलून धरतात, हे सर्वसामान्य माणसाला अशाच चित्रांमुळे पाहायला मिळालं. त्या कामाविषयी मला आदर आहे.

पण कार्यशाळेतून परत आल्यावर माझे फोटो आणि शेजारी बसलेल्या माणसाचे फोटो शेजारी ठेवले तर कुणाचे कुठले ते सांगता येईना. फूल तेच, कापड तेच, पक्षीही बहुधा तोच. त्यात माझी बाग नव्हती, सकाळ नव्हती, लिंबाचं पान नव्हतं. तेव्हापासून मी नैसर्गिक उजेडातच फोटो काढते. सेकंदाच्या ३२०० व्या भागाला पंख जवळजवळ स्थिर येतात. पाचशेव्या भागाला अंग रेखीव आणि पंखांचा धूसर पंखा येतो, आणि मला तोच जास्त खरा वाटतो, कारण आपल्याला डोळ्यांनी तसंच दिसतं.

सगळ्यात जवळून काही पाहिलं असेल तर ते घरटं. दारातल्या ऑलिव्हच्या झाडात, जिन्याच्या खिडकीतून थोडं खाली पाहिलं की दिसेल अशा जागी, एका मादीने ते बांधायला घेतलं. नराचा यात काडीचाही वाटा नसतो. बांधणी, उबवणं, भरवणं, सगळं तिचं एकटीचं. ती चोचीत पांढरा म्हातारीच्या कापसासारखा मऊ तंतू आणायची, वाटीत बसून छातीने दाबायची, अंग गोल फिरवायची. मग कोळ्याचं जाळं घेऊन यायची. ते तिच्या चोचीला आणि गळ्याला चिकटलेलं असायचं. घरट्याच्या काठावर हनुवटी घासून ती ते पुसून काढायची आणि चोचीने बाहेरून ओढून घ्यायची. शेवटी दगडफुलाचे बारीक तुकडे वरून चिकटवले, की फांदीला गाठ आली आहे असंच वाटावं. त्यात वालाच्या दाण्याएवढी दोन पांढरी अंडी. कोळिष्टक ताणलं जातं, म्हणून पिल्लं वाढतात तसं घरटंही सैल होत पसरतं.

झाड छाटणाऱ्या माणसाला त्याच आठवड्यात बोलावून ठेवलं होतं. तो आला, वर पाहिलं, करवत परत गाडीत ठेवली. अमेरिकेत १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्याने वापरातल्या घरट्याला संरक्षण आहे, हे त्याला माझ्याहून चांगलं माहीत होतं. "उन्हाळा संपला की फोन करा," म्हणाला.

घरट्याची बातमी फुटली तसे फोटोवाले ओळखीचे लोक विचारू लागले. येतो, लांबूनच काढतो, फक्त समोरच्या दोन फांद्या बाजूला बांधल्या तर बरं. मी नाही म्हणाले. त्या फांद्यांमुळेच दुपारचं ऊन घरट्यावर येत नव्हतं आणि वरून जाणाऱ्या पक्ष्यांना ते दिसत नव्हतं. आई पिल्लांवरून उठून गेली की प्रत्येक मिनिटाला ती गारठतात किंवा तापतात. माणसं खाली उभी राहिली तर ती परत यायला वेळ लावते. या नकारावरून एक-दोघांशी संबंध दुरावले ते दुरावलेच. मी स्वतः खिडकीची काच न उघडता, दिवसातून थोडा वेळ तेवढे फोटो घेतले. ते काचेमुळे किंचित मऊ आले आहेत. चालेल.

पिल्लं अंड्यांतून बाहेर येऊन काही दिवस झाले होते. मादी चोच पिल्लाच्या घशात इतकी खोल घालायची की पाहताना आपलाच जीव घाबरा व्हावा. त्या घासात मकरंद असतो आणि चिलटं, बारीक माश्या, कोळीही. पिल्लं नुसत्या साखरेवर वाढत नाहीत. एका सकाळी स्क्रब जे नावाचा इथला निळा पक्षी फांदीवर उतरला. मी खिडकीत होते. धावत खाली दारापर्यंत जाईतो घरटं रिकामं होतं. मादी तासभर त्याभोवती फिरत राहिली. त्या दिवशी मला कामात लक्ष घालता आलं नाही. स्क्रब जेचीही घरात पिल्लं असणार हे मी मनाला सांगत होते आणि मन ऐकत नव्हतं.

दोन-तीन दिवसांनी ती परत त्या घरट्यापाशी आली आणि त्याचे तंतू उपसून न्यायला लागली. शेजारच्या आवारातल्या झाडात तिने दुसरं घरटं घातलं, जुन्याच मालाचं. ताजं कोळिष्टक आणि कापूस शोधण्यात जी शक्ती गेली असती ती तिने वाचवली. शोक करायला तिच्याकडे शिल्लक नसते, असं मला तेव्हा वाटलं. त्या दुसऱ्या घरट्यातून दोन्ही पिल्लं उडाली, असं शेजाऱ्यांनी सांगितलं. मी तिथे गेले नाही.

या प्रसंगानंतर बाग बदलली. गुलाबावरच्या माव्यासाठी औषध फवारणं बंद केलं, कारण मावा आणि चिलटं हा कुणाचा तरी घास होता. पिकलेल्या केळ्याची सालं कोपऱ्यात ठेवायला लागले, त्यावर बारीक माश्या जमतात आणि पक्षी त्या हवेतल्या हवेत टिपतात. दिवाळीच्या साफसफाईत घरातली जळमटं काढते, बाहेरच्या वळचणीची तशीच ठेवते. हिरवळीचा अर्धा तुकडा काढून तिथे इथलीच झाडं लावली: हिवाळ्यात फुलणारी मँझनिटा, वसंतात हमिंगबर्ड सेज, आणि ऑगस्टपासून, सगळं वाळलेलं असताना, केशरी-लाल फुलांची कॅलिफोर्निया फ्यूशिया. त्यामुळे वर्षात कधीच बाग फुलांशिवाय राहत नाही. वसंतात उत्तरेकडे निघालेले तांबूस रूफस हमिंगबर्डही एखाद-दोन दिवस उतरतात. त्यांना अलास्कापर्यंत जायचं असतं.

माणसाच्या बागेने या पक्ष्याचा नकाशाच बदलला आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ॲनाज हमिंगबर्डची वीण मुख्यतः बाहा कॅलिफोर्निया आणि दक्षिण कॅलिफोर्नियात होत असे. लोकांनी बाहेरून आणून लावलेली फुलझाडं आणि टांगलेले फीडर यांच्या आधाराने तो उत्तरेला ब्रिटिश कोलंबियापर्यंत पोचला. म्हणून आपल्या अंगणाचा परिणाम अंगणापुरताच राहतो असं मानायचं कारण नाही.

थंडीतल्या एका पहाटे फीडरवर एक पक्षी पिसं फुलवून, चोच वर करून, डोळे मिटून बसला होता. आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांना वाटलं मेला. हात लावू दिला नाही. रात्र गार आणि पोट रिकामं असेल तर हे पक्षी ग्लानीत जातात. शरीराचं तापमान खूप खाली येतं, हृदयाचे ठोके मिनिटाला पन्नासाच्या आसपास येतात. जागं व्हायला वेळ लागतो आणि तेवढ्यासाठीही शक्ती लागते. आम्ही आत चहा घेत बसलो. अर्ध्या तासाने तो थरथरला, जीभ बाहेर काढली, प्यायला आणि गेला.

आणि ९ सप्टेंबर २०२०. ऑगस्टमध्ये विजा पडून पेटलेल्या वणव्यांचा धूर साचून त्या दिवशी आमच्या बे एरियावर सकाळ झालीच नाही. आकाश नारिंगी, दहा वाजता घरात दिवे, पाखरांचा आवाज नाही. करोनामुळे आधीच सगळे घरात. मी फीडर ताजा भरून दाराच्या दिव्याखाली आणला. बराच उशिरा नर आला, लांबलचक प्यायला आणि काडीवर जाऊन बसला. गायला नाही. फोटो काढायची इच्छा झाली नाही, पण तो प्यायला म्हणून मला जेवण गेलं.

दर वर्षी भारतातून मला फोटो येतात: आमच्या रत्नागिरीत हमिंगबर्ड दिसला, पुण्यात गॅलरीत आला. तो शिंजीर असतो, नाहीतर फुलासमोर तरंगणारा हॉक मॉथ पतंग. जर्मनीत सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीचे हमिंगबर्डचे जीवाश्म सापडल्याचं २००४ मध्ये जाहीर झालं, पण आजचे सगळे हमिंगबर्ड अमेरिका खंडांतच आहेत. शिंजीर वेगळ्या कुळातला, तरी गरजा बऱ्याचशा त्याच: मकरंद, बारीक किडे आणि घरट्यासाठी कोळ्याचं जाळं. सांगलीला गेले की मी तितक्याच आनंदाने त्याच्यासमोर खुर्ची टाकते.

तेव्हा अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांना एवढंच सांगते: दर दोन दिवसांनी फीडर घासून धुणं जमणार नसेल तर तो टांगू नका, त्याऐवजी सॅल्व्हियाची दोन रोपं लावा. महाराष्ट्रात असाल तर फीडरची गरजच नाही. कुंडीत जास्वंद लावा, फवारणी टाळा आणि गॅलरीच्या कोपऱ्यातलं एखादं कोळिष्टक राहू द्या.